चौथ्या नंबरावर नागपूर

१९८४ चा जुलै. केसरबाई स्टोव्हला पंप मारत होती, लटारूभाऊ खाकी सदऱ्याचं बटण टाचत होते आणि बारावी झालेली त्यांची कांता वेणी घालत होती. तेवढ्यात दाराची कडी वाजली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर डोमा होता.

"भाऊ, चला. बाळंतपणात बाई अडून राह्यली, नागपूरले न्या लागते."

लटारूभाऊ चंद्रपूरच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. अठरा वर्षं सलाइनची बाटली वर धरून पेशंटसोबत नागपूरच्या मेडिकल कॉलेजात जात होते. तिथले शिकाऊ डॉक्टरसुद्धा त्यांना चंद्रपूरच्या जुन्या नावावरून 'चांदावाले' म्हणत. कांताला मार्क पडले तेव्हा त्यांनी तिथल्या व्हरांड्यात पेढे वाटले होते. "माझी पोरगी इथीच येते," असं झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून आले होते.

केसरबाईनं बाबासाहेबांच्या फोटोखालचा कांताचा मेडिकल प्रवेशाचा फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला. "जाऊनच राह्यले त हाबी देऊन द्या तिथल्या हापिसात."

"राहू दे न माय, मी पोस्टानं..." कांता घाईनं उठली.

"आज शेवटची तारीख हाय न वं."

कागद वाचल्याशिवाय गाडीत ठेवायचा नाही, ही लटारूभाऊंची सवय. एकदा चिठ्ठी न वाचता नेली आणि पेशंट दोन तास भलत्याच वॉर्डासमोर पडून राहिला, तेव्हापासूनची. हे कांता विसरली कशी, कोण जाणे. दाराशी उभं राहून, बोट फिरवत त्यांनी कॉलेजांची पसंती वाचली. औरंगाबाद. पुणे. मुंबई. चौथ्या नंबरावर नागपूर.

"चुकून लिहिलं काय?"

कांताचे कान तापले. पांढरा कोट घातलेली आपण, बाजूला मैत्रिणी, आणि समोरून बाटली धरून धावत येणारे बाबा 'कांता वं' अशी हाक मारताहेत. महिनाभर हेच चित्र तिच्या डोळ्यांसमोर होतं. लटारूभाऊंचा हात नकळत खिशावरच्या वॉर्डबॉयच्या बिल्ल्याकडे गेला, बिल्ला त्यांनी झाकला, आणि त्यांना सगळं कळल्याचं तिला कळलं.

"द्या इकडे, बाबा. खोडू द्या मले."

"खाडाखोड केली त बाद करतीन. राहू दे." त्यांनी फॉर्म डोमानं आणलेल्या बाईच्या चिठ्ठीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवला. बाहेर डोमानं हॉर्न दिला.

"काय झालं वं?" केसरबाईनं स्टोव्हजवळून विचारलं.

लटारूभाऊंनी चपला घातल्या आणि ते कांताला हळू आवाजात म्हणाले,

"मायले सांगजो, औरंगाबादचं कॉलेज चांगलं हाय म्हणून. खरं कारण सांगू नको."