धुरांड्यातलं फडकं

बाकूच्या साबुन्चू भागातल्या शाळेत नझाकतबाई रसायनशास्त्र शिकवायच्या. अल्केनचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. काड्या आणि मातीच्या गोळ्या घेऊन त्या मिथेनचा रेणू करत. मधे कार्बन, भोवती चार हायड्रोजन, सगळे एकेरी बंधांनी धरलेले.

"हे घराणं मोठं थंड," त्या म्हणायच्या. "आम्ल ओता, आम्लारी ओता, ढिम्म हलत नाही. पण पेटलं की पाहून घ्या. हवा भरपूर असली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपेतच जातो."

त्या हिवाळ्यात शहराने नळांतून घरोघरी ऊब पुरवणं बंदच केलं होतं. लोकांनी गॅसच्या नळीला पत्र्याच्या शेगड्या जोडल्या होत्या. बाईंचा थोरला भाऊ मिर्झाआगा तेलविहिरीवरून निवृत्त झालेला, छातीने अधू. एका रविवारी बाई त्याच्याकडे गेल्या, तर शेगडीची ज्योत पिवळी, काजळी धरलेली. धुरांड्याच्या नळकांड्यात फडकं कोंबलेलं.

"दादा, हे काय?"

"तुझ्या वहिनीचं डोकं. उत्तरेचा गार खझरी वारा सुटला की नळकांड्यातून आत घुसतो आणि शेगडी विझते."

"अरे, जीव जाईल अशानं!"

"आल्या मास्तरीणबाई!" चहाचा पेला पुढे करत वहिनी झरनिगार म्हणाली. "साखरेचा खडा दाताखाली धरून पी, म्हणजे तोंड जरा बंद राहील."

दादा हसता हसता खोकला. पण उठून त्याने फडकं ओढून काढलं. "झालं समाधान?"

दुसऱ्या दिवशी शाळेत निरोप आला. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा मिर्झाआगा गेलेला होता; झरनिगारमध्ये धुगधुगी होती. बाई धावत पोचल्या. फडकं पुन्हा नळकांड्यात होतं. त्यांनी ते काढून कोटाच्या खिशात कोंबलं.

इस्पितळात वहिनी शुद्धीवर आली. "शेगडी विझली होती गं. त्याला हुडहुडी भरली होती. फडकं मी परत लावलं का? मला आठवत नाही. त्यानंच गेला का तो?"

"नाही वहिनी. फडकं नव्हतंच. दादाचं हृदय बंद पडलं."

"मग मी इथे कशी?"

बाईंनी तिचं पांघरूण सारखं केलं. "दमली होतीस," त्या म्हणाल्या.

वहिनीने पुन्हा विचारलं नाही.

पुन्हा शाळेत गेल्यावर बाईंनी गोळ्या-काड्या काढल्या नाहीत. "कुणाच्या घरी धुरांड्यात काही कोंबलंय?" त्यांनी विचारलं. दबकत दबकत हात वर होत गेले. त्यांनी त्या मुलांना ते काढायला तिथूनच घरी पाठवलं.

झरनिगार आता बाईंकडेच राहते. बाई संध्याकाळी परततात तेव्हा खोली गारठलेली, खिडकी सताड उघडी आणि वहिनी दोन शाली गुंडाळून बसलेली.

"अगं, शेगडी तरी पेटवायचीस!"

"नको. माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

बाईंनी खिडकी लावली नाही. त्या कोटासकटच तिच्या शेजारी बसल्या.