फादरनी न सांगितलेलं प्रायश्चित्त

माझी आई निवृत्त नर्स. नाशिकमध्ये चाळीस वर्षं तिने पेशंटांना नाक दाबून औषधं पाजली. आता वय ब्याऐंशी, जोडीला मधुमेह, आणि औषध पाजायला मी. रोज सकाळी मीठ-लिंबू घातलेला कारल्याचा रस तिच्या हातात द्यायचा आणि डब्याच्या गडबडीला लागायचं, हा माझा दोन वर्षांचा नेम. पेला नेहमी रिकामा मिळायचा. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत बसलो होतो. आईचा नंबर माझ्या आधी. आत जाताना तिने कानातलं मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. फादर ज्या जाळीपलीकडे बसतात, तिच्याजवळ ते शिट्टी मारतं म्हणे.

"असू दे ना," मी म्हटलं.

"ऐकायचंय देवाला. मला कशाला?" असं म्हणून ती पडद्याआड गेली.

आणि मग वॉर्डच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारावी, तशा आवाजात तिने पापं सांगायला सुरुवात केली.

"फादर, मी रोज कारल्याचा रस मोगऱ्याच्या कुंडीत ओतते! मोगरा मेला!"

रांगेतल्या बायकांनी एकदम जपमाळा काढल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गंगापूर रोडचा नर्सरीवाला आला. सडकं रोप दिलंस म्हणून मी त्याचा भर रस्त्यात उद्धार केला होता, आणि त्या बिचाऱ्याने दुसरं रोप फुकट दिलं होतं. तेही गेलं. मला हसू आवरेना.

खरं म्हणजे मी उठून लांब जायला हवं होतं. नाही उठले. म्हणून पुढचंही ऐकलं.

"लेक माझं सगळं करते, फादर. पण मला तिची भीती वाटते!"

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मी रागीट आहे, मान्य. आईवर ओरडते, हेच सांगायला तर मी रांगेत बसले होते. पण ओरडलेलं तिला नीट ऐकूच येत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

आई हसतमुखाने बाहेर आली. "प्रायश्चित्त काय दिलं, काही कळलं नाही बाई. मी आपली मान हलवली. तू आत जातेच आहेस, तर माझं काय ते विचारून ये."

फादरनी साफ नकार दिला. मी म्हटलं, "फादर, मी सगळं ऐकलंय. मला तिची क्षमा मागायचीय."

"कानावर पडलं ते तुम्हीही पोटातच ठेवायचं. आईलासुद्धा कळू द्यायचं नाही. न बोलता काय जमतंय ते बघा."

(आता हे लिहून बसले आहे, म्हणजे पुन्हा रांगेत बसणं आलं.)

बाहेर येऊन आईला सांगितलं, की फादर सांगत नाहीत. ती म्हणाली, "मग माझं मीच ठरवते."

दुसऱ्या दिवशी मी पेला तिच्यापुढे ठेवला आणि मुद्दाम पाठ फिरवली. ओट्यावरचे डबे उगाच उघडले, झाकले, परत उघडले. कुंडीपर्यंत दोनदा जाऊन येता येईल इतका वेळ दिला.

"काय शोधतेयस?" आईने विचारलं.

"मीठ."

"ते तुझ्या हातातच आहे."

वळून पाहिलं तर आई नाक दाबून रस पीत होती. निम्म्यावर थांबली आणि पेला तिने माझ्यापुढे आपटला.

"शी! हे काय माणसाने प्यायचं आहे? एकदा तरी चाखून पाहिलंयस का?"

दोन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली होती. मला इतकं बरं वाटलं, की उरलेला रस मी एका घोटात संपवला.

आईचं खरं होतं.