झाकणाच्या आतलं नाव

"आधी डावा. पटलं तर उजवा."

जुना सीडी प्लेअर घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ताई एवढंच सांगायच्या. लोकांना वाटायचं, बाई काम लांबवते. तसं नव्हतं. प्लेअरचा आवाज दोन बाजूंनी येतो. ताई आधी फक्त डाव्या बाजूचे पार्ट बदलायच्या, उजवी होती तशीच ठेवायच्या आणि मालकाला समोर बसवून दोन्ही आळीपाळीने ऐकवायच्या. फरक कळला तर उजवीही करायची. नाही कळला तर डावीतले जुने पार्ट परत बसवून मशीन त्याच्या हातात. "कान तुमचे आहेत, माझ्या बोलण्यावर कशाला जाता," म्हणायच्या.

आम्ही डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, एकाच इमारतीत राहायचो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पंचवीस वर्षं रक्त काढतेय आणि रिपोर्ट लिहितेय. गाण्याची मला आवड नाही, आणि गंमत म्हणजे आमची ओळख त्यामुळेच झाली. एका रविवारी त्यांनी दार वाजवलं.

"तुम्हाला गाणी आवडतात का हो?"

"नाही."

"मग जरा खाली येता?"

खाली गेले. खिडकीजवळ टेबल, त्यावर झाकण काढलेलं मशीन, घरभर सोल्डरिंगच्या राळेचा वास. मला खुर्चीत बसवून म्हणाल्या, "आवडणाऱ्यांचे कान लाडावलेले असतात. त्यांना हवं तेच ऐकू येतं. तुम्ही लघवीच्या रिपोर्टात लिहिता तसं सांगा. आहे तेवढंच."

मी ऐकलं आणि सांगितलं, "डावीकडे झांजेचा आवाज रेंगाळतो. उजवीकडे लगेच मरतो."

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांची लॅबबाई झाले. पुढची सात वर्षं प्रत्येक मशीन माझ्या कानाखालून गेलं.

ताई ठाण्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर होत्या. चाळीस बायका ओळीने बसायच्या. शेवटची काही वर्षं त्यांच्यासमोरून सीडी प्लेअरचे बोर्ड जायचे. मग कारखाना बंद पडला. मशीनं मात्र घराघरांत राहिली आणि ती आतून कशी आहेत हे ताईंच्या बोटांना पाठ होतं. कपॅसिटर म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "ते सोडा. एवढंच लक्षात ठेवा, की पंचवीस-तीस वर्षांत ते आतून सुकतात. बरणीतल्या लोणच्याचं तेल आटतं ना, तसं. मग बारीक आवाज आधी जातात. माणसाला कळतही नाही, कारण ते रोज थोडे थोडे जातात." त्या सुकलेले कपॅसिटर काढायच्या, चांगले घालायच्या, आवाजाचा आयसी, म्हणजे छोटी काळी चिप, बदलायच्या, झाकण थरथरू नये म्हणून आतून जाड रबर चिकटवायच्या.

काढलेले पार्ट मात्र फेकायच्या नाहीत. देवळातून अंगारा आणतो तशी कागदाची पुडी बांधून ती झाकणाला आतून चिकटवायच्या. पुडीवर तारीख, काय काढलं ते, आणि स्वतःचं पूर्ण नाव. मी म्हटलं, "हे वाचणार कोण? झाकण कोण उघडतंय?"

"कारखान्यात माझ्या हातून हजारो बोर्ड गेले. सगळ्यांवर तपासणाऱ्या साहेबाचा शिक्का. आता निदान आत तरी माझं नाव असू दे."

म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याला वाचायचं असेल त्याने झाकण उघडावं.

असल्या माणसांना आपण बारकाईने पाहत नाही, असं माझं मत आहे. त्यांच्यावर कोणी बोट ठेवलं की मगच ती दिसतात.

ताईंवर बोट ठेवलं घोडबंदर रोडच्या एका निवृत्त गृहस्थांनी. जुन्या मशीनच्या शौकिनांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि ताईंकडची बहुतेक कामं त्यातूनच यायची. गृहस्थांनी डावा ऐकला, खूश होऊन उजवाही करून घेतला आणि पंधरा दिवसांनी ग्रुपवर लिहिलं, की बाईंनी चांगलं मशीन बिघडवलं, आता गाण्यात टकटक येते. त्याच संध्याकाळी दोघा गिऱ्हाइकांचे फोन आले. आमचं काम सध्या राहू द्या.

मी म्हटलं, "लोक लिहितात हो. सोडून द्या."

"सोडून कसं देऊ? माझं नाव आहे आत. बिघडलेल्या मशीनमध्ये ते राहणार नाही. चूक माझी निघाली तर पुडी काढून आणीन आणि हे टेबलही आवरीन."

आवरीन म्हणजे आवरीन, एवढं त्यांना मी ओळखत होते. रविवारी दोघी निघालो. कापडी पिशवीत सोल्डरिंगचं सामान, पुन्हा लागले तर नवे पार्ट. ट्रॅफिकमध्ये तास गेला. टॉवरच्या गेटपाशी रिक्षातून उतरताना ताई आजूबाजूला पाहत म्हणाल्या, "इथेच कुठेतरी आमच्या कारखान्याचं कँटीन होतं."

गृहस्थ सभ्य होते. "ताई, मला वाईट वाटतंय लिहिल्याचं, पण तुम्हीच ऐका." त्यांच्या घरी झालेल्या एका मैफिलीचं रेकॉर्डिंग होतं, नंतर सीडीवर उतरवलेलं. गाणं सुरू झालं आणि डावीकडून आवाज आला. टक. मग पुन्हा टक.

"ऐकलंत? दहा वर्षं ही सीडी ऐकतोय. कधी नव्हतं."

ताईंनी झाकण उघडलं, पुडी सोडली आणि डाव्या बाजूला सगळे जुने पार्ट परत लावले. तासभर गेला. पुन्हा सीडी लावली. टकटक नाही.

"मग सिद्धच झालं की," गृहस्थ म्हणाले. त्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

ताई मशीनकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "लॅबबाई, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "पुन्हा लावा. आवाज वाढवा." आणि स्पीकरला सरळ कान लावून बसले. पूर्ण गाणं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असेन.

"टकटक आताही आहे," मी सांगितलं. "खूप पुसट आहे, पण आहे. मघाशी आणि आता, दोन्ही वेळा ती तबल्याबरोबर येते. तबलेवाला घाई करायला लागला की तीही घाई करते. तो थांबला की थांबते. मशीन बिघडलं असतं तर त्याला तबला कसा कळला असता?"

गृहस्थांनीही खाली बसून दुसऱ्या बाजूने कान लावला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि आम्हा दोघांचा तो अवतार बघून दारातच थांबल्या. नवऱ्याने काय प्रकार आहे ते सांगितलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि थोडं ऐकलं.

"अहो, ही तर बाबांची अंगठी."

"काय?"

"खुर्चीच्या हातावर वाजवतायत. वाढायला उशीर झाला की ताटावर वाजवायचे. सून म्हणून तीस वर्षं ऐकलीय मी. आधी मला विचारायचं ना."

गृहस्थ जमिनीवरून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "माईकच्या शेजारीच बसले होते ते. डावीकडे."

चहा निवला. ताईंनी सोल्डरिंगचं पेन पुन्हा गरम करायला लावलं. "डावा परत करून देते. बाबा नीट ऐकू येतील." काम झाल्यावर सामान भरता भरता म्हणाल्या, "आणि ग्रुपवर लिहा. मशीन चांगलं आहे म्हणून. करणाऱ्याचं नाव घालून."

गृहस्थांनी तिथेच लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"आडनाव राहिलं," ताई म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, मन भरून आलं असेल. मग म्हणाल्या, "चांदीची असणार. सोनं एवढं टणक वाजत नाही."

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सगळे इथे तिथे भाड्याने गेले, ताई कणकवलीला बहिणीकडे. नवीन इमारत झाल्यावर इथे परत आल्या तरी काम करणार नव्हत्या. "हात हलायला लागलाय. हात हलला की लाइनवरून उठायचं, असा आमच्यात नियम होता." हे त्यांनी घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी सांगितलं. चादरीत गुंडाळलेला एक प्लेअर घेऊन वर आल्या होत्या.

"हा तुम्हाला. डावा झालाय."

"आणि उजवा?"

"तो तुम्ही करायचा. रोज लोकांच्या शिरेत सुई घालता, हात हलत नाही तुमचा. आणि सात वर्षं माझ्या शेजारी बसून बघितलंय."

"ताई, मला गाणी आवडत नाहीत."

"म्हणून तर."

महिनाभर ते मशीन मी कपाटावर ठेवलं. मग भाड्याच्या घरातल्या ओट्यावर घेतलं. पहिला कपॅसिटर उलटा लावला आणि तो फुटला. दुसरा नीट बसला. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी डावा ऐकला, उजवा ऐकला, पुन्हा डावा ऐकला आणि कणकवलीला फोन लावला.

"फोनवर ऐकवू का?"

"फोनवर काय कळणार? तुम्ही सांगा."

"डावा-उजवा सारखा."

"नक्की?"

"माझी सही असलेला रिपोर्ट आजपर्यंत परत आलेला नाही."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"जुन्या पार्टची पुडी बांधली?"

"बांधली. चिकटवलीपण."

"नाव?"

"तुमचंच लिहिलंय."

"माझं डाव्याच्या पुडीवर आहे. उजव्याचं काम माझं नाही, त्यावर माझं नाव कशाला? तुमचं लिहा. आडनावासकट."

फोन ठेवला आणि चार स्क्रू पुन्हा काढले. झाकणाला आतून दोन पुड्या शेजारी शेजारी होत्या. उजवीकडच्या पुडीवर त्यांचं नाव खोडून माझं पूर्ण नाव लिहिलं, शाई वाळू दिली आणि झाकण लावून टाकलं.