आडवं करू नका

आईनं आडवं होणं सोडलं तेव्हा मला आधी रागच आला. भिंतीला पाठ, मांडी घातलेली, डोळे मिटलेले. रोज सकाळी चहा घेऊन गेले की मी आधी दारातच थांबायचे. श्वास चालू आहे का, हे मी तिच्या पदराकडं बघून ठरवायचे. मग ती डोळे उघडायची आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरायची.

तिचं हृदय कमजोर झालं होतं, आता भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी सासरहून तिच्याजवळ येऊन राहिले होते. तिनं त्यातून एवढंच घेतलं, की बसायची सवय करायला हवी. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी बोलणारं, लिंगायत. वडील केमकडचे मराठा. लग्नानंतरही तिनं गळ्यातलं लिंग उतरवलं नाही, आणि कुणी उतरव म्हणालंही नाही. भांडण शिल्लक राहिलं होतं ते शेवटाचं. वडिलांकडं सरण रचतात. आईच्या माहेरी माणसाला मांडी घालून बसवतात, खुर्चीतून मिरवत नेतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात.

“मला लाकडावर आडवं करू नका,” ती म्हणायची. “आन बसवायचं तर लगेच बसवा. गार पडल्यावर पाय मुडपत न्हाईत. मग मोडावं लागतंय.”

हे ती मेथी निवडता निवडता सांगायची. माझा नुसता संताप व्हायचा. शेजारच्या चाची मात्र शांतपणे ऐकायच्या. “तुमे बैठके जाते, हमे लेटके जाते. मिट्टी वहीच है ना,” म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या. मला त्या हसण्याचीच भीती वाटायची.

थोरले चुलते गावाहून आले की विषय निघायचाच. “आमच्या घरात आली, आमच्याच वाटंनं जायाचं,” ते वडिलांना म्हणायचे, आईला ऐकू जाईल अशा बेतानं. वडील पेपरातून मान वर काढायचे नाहीत. थोरल्या भावापुढं त्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. आई वडिलांकडं बघत राहायची. ती गेल्यावर तिच्या बाजूनं बोलणारं घरात कोण उरणार होतं? मी लग्न होऊन गेलेली लेक, माझं कोण ऐकतंय.

आणि नको तेच झालं. एका दुपारी तिला धाप लागली. दवाखान्यात नेलं, तिथं नळ्या लावून उताणं निजवलं. ती उठून बसायला धडपडायची आणि नर्स खांदे धरून परत निजवायची. तशी आडवीच ती गेली.

चुलते तोवर घरी येऊन पोचले होते. फोनवर म्हणाले, “लाकडं सांगितलीत. पोरं तिरडी बांधत्यात.” इकडं दवाखान्याचे सोपस्कार संपेनात. मी आईच्या पायांना पुन्हा पुन्हा हात लावून बघत होते. बोटं गार झाली होती, मग तळवे झाले. वडील कोपऱ्यात उभे होते, तिच्याकडं न बघता.

शेवटी तिला घेऊन आम्ही दोघं ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. दार लागलं तसे वडील उठले. तिच्या पायांवरची चादर सारून त्यांनी उजवा पाय हातात घेतला. “मागनं धर तिला,” मला म्हणाले. पाय सहज मुडपेना. त्यांनी घोटा चोळला, गुडघा चोळला, तिच्याशी कानडीत काहीतरी पुटपुटले. त्यांना कानडी येते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. गुडघ्यातून बारीकसा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले.

गल्लीत शिरलो तेव्हा ते तिच्या मागं बसले होते, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून. दार उघडलं. समोर चुलते, त्यांच्या मागं बांधून तयार असलेली तिरडी.

“आडवी घ्या,” चुलते म्हणाले.

“न्हाई दादा,” वडील म्हणाले. “ती बसून जाणार हाय. खुर्ची आणा.”