चौथा दगड

"थांबा, अजून एक हाय." असं म्हणून तात्या ट्रक कडेला घ्यायचे, तेव्हा शेजारी बसलेला कपाळाला हात लावायचा. ते खाली उतरत, पायजमा वर खोचत, रस्त्यावरचा दगड उचलून कडेच्या चारीत टाकत आणि हात झटकत परत येत.

तुम्हीही असे दगड पाहिले असतील. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर दोन दगड चाकांना लावतो आणि मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून दोन जरा लांब ठेवतो. दुरुस्ती झाली की गाडी जाते आणि दगड तिथेच राहतात. तात्या सांगायचे, "एक घावला की बाकीचं तीन जवळच असत्यात." ते बावडा गावचे. घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरू मागे ठेवून घरी यायचं नाही, ही सवय त्यांनी दगडांना लावली, असं आम्ही चिडवायचो.

"मेंढरू तरी हाकललं की बाजूला हुतं," तेही हसून म्हणायचे.

मी बारामतीच्या एका ट्रान्स्पोर्टमध्ये कारकून होतो. कुठली गाडी कधी, कुठं जाणार, हे मी ठरवायचो. वय अठ्ठावीस आणि डोक्यात हवा. तात्यांची गाडी हमखास उशिरा पोचायची आणि बोलणी मला बसायची.

"तात्या, माल पोचवायचा की रस्ते झाडायचे?"

"माझ्या मागनं कुणीतरी येतंयच की, साहेब." बापाच्या वयाचा माणूस मला साहेब म्हणायचा आणि मला ते आवडायचं.

त्र्याण्णव साली लातूरकडे भूकंप झाला. सोमेश्वरनगर, पणदरे, गावोगाव घोंगड्या, पत्रे, भाकरी गोळा होऊ लागल्या. मग सरकारी कागद आला. मदतीच्या गाड्या नाक्यावर अडवायच्या नाहीत, परमिट आणि वजन तपासायचं नाही, ड्रायव्हरच्या तासांचा नियमही तात्पुरता सैल. मी खळ करून प्रत्येक गाडीच्या काचेवर तो कागद स्वतः चिकटवला. सगळ्या ड्रायव्हरांना बजावलं, "वाटेत कुणी हात केला तरी थांबायचं नाही." इतकं मोठं काम आपल्या हातून होतंय म्हणून छाती फुगली होती.

पाचव्या दिवशी दुपारी पणदऱ्याचा ड्रायव्हर लागोपाठ तिसरी खेप करून आला. चहा पिता पिता त्याचा ग्लास कलंडला, शर्टावर चहा सांडला, तरी त्याला पत्ता नव्हता. तात्या माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, ह्याला आज धाडू नगा. उभ्या उभ्या झोपतोय."

"तात्या, आता सूट आहे. तिकडं माणसं उघड्यावर पडलीत."

"सूट नाक्यावर हाय, साहेब. डोळ्याला कुणी दिलीया?"

आजूबाजूचे हसले. मला वाटलं, मलाच हसले. मी ओरडलो, "तुम्ही तुमचे दगड उचला! गाड्या कशा पाठवायच्या ते मी बघतो."

तात्या वळले. गाडीत बसले आणि पुढे निघाले. पणदऱ्याच्या ड्रायव्हरने तासभर पडू द्या म्हणून हात जोडले. "तिकडं पोचल्यावर झोप," मी म्हणालो. पंधरा-वीस मिनिटांनी तोही निघाला.

इंदापूरच्या पुढे रस्त्यावर कुणाचे तरी दगड पडले होते. तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बाईने नंतर सगळं सांगितलं. म्हातारा एकेक दगड उचलत होता, मागून भरधाव ट्रक आला, हॉर्न नाही की ब्रेक नाही. पणदऱ्याच्या ड्रायव्हरला एवढंच आठवत होतं, की समोर आपल्या तात्यांची गाडी उभी दिसली.

त्याला शिक्षा झाली. चौकशीत माझं नाव कुठेच आलं नाही, आणि मीही ते सांगितलं नाही. त्याने तासभर झोप मागितली होती, हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. भित्रा होतो, दुसरं काय.

त्या दिवशी अपघाताचा निरोप आला तसा मी मोटारसायकलवरून तिथे गेलो होतो. तात्यांचा देह तोवर इंदापूरला नेला होता. कडेला तीन दगड जवळजवळ ठेवलेले होते. चौथा रस्त्याच्या मधोमध, आणि त्याच्याजवळ तात्यांची एक वहाण. तो उचलायला मी पुढे झालो, पण मदतीच्या गाड्यांची रांग लागली होती. मी हात वर केला, जोरजोरात हलवला. आमच्याच गाड्या होत्या त्या, काचेवर मी चिकटवलेला कागद. ड्रायव्हर मला ओळखत होते. दगडाला वळसा घालून सगळे निघून गेले. एकही थांबला नाही.