नळीवरचा अंगठा

आसेगावला घरी सकाळी ओलसर वर्तमानपत्र चुलीत घातलं आणि त्या करपट वासानं मला विद्यापीठातल्या काचेच्या स्टुडिओत नेलं. तिथं तापलेल्या काचेला आम्ही भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या घडीनं आकार द्यायचो. एके दिवशी टोकाला तापलेली काच लावलेल्या पोकळ नळीत फुंकून मी तोंडाकडच्या टोकावरचा अंगठा लगेच उचलला. स्टुडिओ चालवणारे सर आमच्याच वाशिमकडचे. खेकसले, "अंगठा काहून उचलला वं? हवा कोंडून राहू दे. कोंडली तवाच काच फुगते."

पुन्हा फुंकलं, अंगठा दाबून धरला. काच हळूहळू फुगली.

शिक्षण संपलं तेव्हा सर म्हणाले, "इथंच राह्य. पोरायले शिकव."

"घरी इचारून येते," मी म्हटलं.

अजून घरीच आहे. काच तापलेली नसली, तर कोंडलेली हवा नुसती कोंडलेलीच राहते, हे इथं कळलं.