व्याह्यांची तीनचाकी

वापरून बघितल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायचा नाही, असा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा आहे. छत्री घ्यायची तर हे दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागणार, छत्री उघडून तिच्याखाली उकिडवे बसणार आणि त्यालाच वरून पाणी ओतायला लावणार. चप्पल पायात घातली की समोरच्या इमारतीचा जिना चढून-उतरून येणार. तोवर दुकानदार, चप्पल गेली म्हणून रस्त्यावर बोंबलत उभा. घाटकोपरला गादी घ्यायला गेले तेव्हा घरून स्वतःची उशी घेऊन गेले होते. जेवून गेलेले, त्यामुळे दुकानातच डोळा लागला. दुकानदार भला माणूस. त्याने पंखा वाढवला, उठल्यावर चहा पाजला. यांनी गादी काही घेतली नाही. म्हणाले, "झोप झकास लागली, पण ती गादीमुळे का पंख्यामुळे, ते कळायला मार्ग नाही."

आमची माधुरी बघायला आले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. पोहे आले, मुलगी आली, मुलगा मान खाली घालून बसला, आणि मुलाचे वडील आमच्या मोरीतला नळ उघडून पाण्याला जोर किती ते बघत होते. मग दाराची चौकट हलवली. मग ज्या खुर्चीवर बसले होते तिच्यावर अंग मागे टाकून रेलले, आणि खुर्चीचा पाय मोडून हे भुईवर. लग्न मोडलं असंच आम्ही धरून चाललो. हे मात्र धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "बरं झालं व्याही, आजच मोडली. लग्नात मोडली असती तर तुमची शोभा झाली असती." मुलीला एक प्रश्न विचारला नाही, पण जाताना मला 'व्याही' म्हणून गेले, त्यावरून आम्ही समजलो.

ते साताऱ्याकडचे, आम्ही मालवणकडचे. ते बोलत सुटतात, मी बोलत नाही. मी शाळा फारशी पाहिलेली नाही, पण भांडुपच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला आणि तो सगळा सायकलवरून काढला. नाहूरहून सायकलने कामाला जायचं, येताना बाजारातून मासे आणायचे. आमच्या घरात मासा मी आणतो. दुसऱ्या कुणी आणलेला मी खात नाही, कारण त्याने कल्ले उघडून बघितलेले नसतात. रिटायर झाल्यावरही सकाळची बाजाराची फेरी मी सोडली नाही. मग नाहूरच्या पुलाच्या उतारावर पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात व्याही मला बघायला आले आणि माझ्या शेजारची खाट रिकामी बघून तिच्यावर आडवे झाले. म्हणाले, "बघतो, तुम्हाला रुततंय का ते." तेवढ्यात नर्स आली, तिने त्यांचाच बीपी घेतला. तो माझ्यापेक्षा जास्त निघाला. ती इंजेक्शन भरायला गेली तसे हे चप्पल हातात घेऊन जे सटकले, ते थेट घाटकोपर.

हाडात सळी घालून डॉक्टरने घरी सोडलं आणि सांगितलं, सायकल आता विसरा, तोल राहणार नाही. मला वॉकर दिला. तो घेऊन मी घरात फिरलो, बाहेर नाही. ज्या रस्त्याने आयुष्यभर घंटी वाजवत गेलो तिथून तो चार पायांचा सांगाडा घेऊन टकटक जायचं मला जमणार नव्हतं. रिक्षावाले बाजाराचं नाव काढलं की, जवळचं भाडं म्हणून मान फिरवतात. मुलगा म्हणाला, अप्पा, मी मोबाईलवरून मागवतो. मासा आला. डब्यात बंद, धुतलेला, कापलेला, डोकं नसलेला! त्याच्या ताजेपणाची चौकशी करायची कुणाकडे? मी जेवलो नाही. खिडकीत बसायचं, खालचा रस्ता बघायचा आणि बायकोच्या फोडणीला नावं ठेवायची, एवढंच काम उरलं. बायको एक दिवस वैतागून म्हणाली, "घरात बसान माझी टकली खाव नकात! खयं तरी जावा बघू." कुठे जाणार? मनात पक्कं झालं होतं की आता आपण ह्या खिडकीतून उठणार, ते चौघांच्या खांद्यावरच.

अशात एका सकाळी खाली टेम्पो थांबला आणि त्यातून व्याही उतरले. मागून एक लाल भडक तीनचाकी सायकल उतरली. पुढे एक चाक, मागे दोन, मागे जाळीची मोठी टोपली, सीटखाली बॅटरी. पायडल मारलं तरी चालणार, मूठ पिळली तर आपोआप पळणार. मला खाली बोलावून घेतलं. म्हणाले, "व्याही, ही मी माझ्यासाठी घ्यायची म्हणतोय. स्वस्तातली आहे, म्हणून भरवसा नाही. दुकानदार ओळखीचा, तो म्हणाला वापरून बघा. पण आमच्या घाटकोपरच्या गर्दीत कुठं चालवू? तुमच्याकडं रस्ता बरा. शिवाय तुम्ही सायकलवाले, कारखान्यातले. तुम्हीच तपासा बुवा."

बोलता बोलता रुबाबात सीटवर चढले, आणि त्यांचे पाय पायडलला पोचेनात. व्याही माझ्यापेक्षा वीतभर बुटके. सीट माझ्या मापाला लावून आणलेली होती. मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं, आणि आम्ही दोघंही इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिलो.

इथे एक सांगायला पाहिजे. आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. नातू होईपर्यंत मी तिथे पाणीसुद्धा प्यालो नाही. तहान लागली तर खाली उतरून टपरीवर प्यायचो. व्याह्यांना ते माहीत होतं. ही गाडी माझ्यासाठी आणली असा एक शब्द जरी त्यांनी काढला असता, तरी मी टेम्पो परत बोलावला असता. म्हणून गाडी त्यांची, चाचणी माझी, असं ठरलं. चाचणीला हरकत नव्हती. चाचणी हे काम आहे.

पहिल्या दिवशी मी बसलो, मूठ पिळली, झोकात निघालो. वळण आल्यावर जन्माच्या सवयीने अंग आत झुकवलं. सायकल असती तर वळली असती. ही सरळ जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तुळशीवर आदळली. व्याही धापा टाकत आले आणि म्हणाले, "वळत नाही! सांगतो दुकानदाराला."

मी म्हटलं, "वळते. हॅण्डलने वळते, अंगाने नाही. गाडीची चूक नाही त्यात."

"मग चूक कुणाची?"

"तुळशीची," मी म्हटलं.

दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकलेलं अंग, तोल सांभाळायचा नाही हे शिकायला तयारच नव्हतं. बरेच दिवस मी आवारात गोल गोल फिरत अंगाला गप्प बसवत होतो. वरून बायको ओरडायची, "ताठ बसा, नवरदेवासारखे!" ते जमलं तसा गेटबाहेर पडलो. मग कळलं की आपले रस्ते कडेला गटाराकडे उतरते असतात, आणि ही गाडीही हळूच तिकडे ओढ घेते. हात सतत उजवीकडे धरून ठेवावा लागतो. स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा नाही, सरळ घ्यायचा. बॅटरी दुकानदार सांगतो त्याच्या निम्मी धरायची. पण ब्रेक चांगला. सिग्नलला पाय खाली टेकावा लागत नाही, मोडक्या खुब्याच्या माणसाला याहून मोठं सुख नाही. व्याही रविवारी घाटकोपरहून यायचे आणि मी हे सगळं तोंडी सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे, मधेच विचारायचे, "आणि मागं घेताना?" मागे घेताना ती पीं पीं करते, माणसं वळून बघतात, मला लाज वाटते, हेही मी सांगितलं.

एका रविवारी म्हणाले, वजन घालून पुलावर चढते का बघू. वजन काय घालायचं? हे स्वतःच टोपलीत बसले, मांडीवर तांदळाची गोणी घेऊन, माझ्याकडे पाठ करून. अर्ध्या पुलापर्यंत गाडी गेली, मग मुंगीसारखी चालायला लागली. मी म्हटलं, "व्याही, उतरा." ते म्हणाले, "उतरलो की चाचणी फुकट!" मागे गाड्यांची रांग लागली. एक रिक्षावाला मान बाहेर काढून ओरडला, "ओ काका, वरात कुणाची?" व्याह्यांनी गोणी सांभाळत उत्तर दिलं, "मुलीकडच्यांची! मागं राहा जरा!" गाडी चढली. ज्या उतारावर मी पडलो होतो तो पुढे दिसला आणि मी मूठ सोडून दिली. मागून व्याही म्हणाले, "ब्रेक दाबून बघा, घाई नाही. मी आहे बसलेला." त्यांच्या बसण्याचा ब्रेकला काय उपयोग, ते मला माहीत नाही. पण तो उतार मी उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा बाजारात गेलो. टोपली घेऊन नेहमीच्या कोळणीसमोर गाडी उभी केली. ती हातातला कोयता तसाच धरून बघत राहिली. "आई गं! काका, जिता हायेस तू? मी म्हटला गेलास वाटतं!"

"सुरमई दाखव," मी म्हटलं. कल्ले उघडून बघितले. लाल होते. कितीतरी दिवसांनी मी कुठल्या तरी वस्तूला नको म्हणू शकत होतो, म्हणून आधी दोन मासे उगाच नको म्हटले. ती शिव्या घालत होती आणि मला ते गाण्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसापासून मला धास्ती लागली. चाचणी संपत आली होती, आणि संपली की गाडी जाणार. विकत घ्यावी म्हणून भाव विचारला तर व्याही म्हणाले, "माल कळल्याशिवाय भाव कसा सांगू?" शेवटी मीच एका रविवारी छातीवर दगड ठेवून म्हटलं, "झालं सगळं बघून. गाडी घेऊन जा तुमची." खिडकी पुन्हा डोळ्यापुढे आली, पण फुकटची वस्तू दारात ठेवून घेणं मला जमत नाही.

व्याही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काहीतरी अर्धवट काम केलंय. "झालं? पावसाळा कुठं बघितलात? पाण्यात मोटर टिकते का?" मग पावसाळा झाला. तेव्हा म्हणाले, गणपतीच्या गर्दीत बघा. मग दिवाळीत बघा, फटाक्यांत कशी चालते. मग म्हणाले, एकाच वर्षावरून काय समजतं, टायर झिजू दे की. रविवारी यायचे ते नवीन शंका घेऊनच यायचे. ह्या शंका ते कुठून काढत असतील, बसमध्ये बसून जुळवत असतील का, हा विचार करून मी कधीकधी एकटाच हसायचो. आभार मी मानले नाहीत. मानले असते तर गाडी माझी ठरली असती.

ह्या थंडीत रविवार आला आणि व्याही आले नाहीत. माधुरीचा फोन आला. हृदयाचा त्रास झाला, हॉस्पिटलातून घरी आणलंय, पण अप्पा, ते काही खात नाहीत, बोलत नाहीत, सगळ्याचा कंटाळा आल्यासारखे पडून असतात. मुलगा म्हणाला गाडी करतो. मी म्हटलं, माझी आहे. पहिल्यांदाच तो शब्द तोंडातून गेला, 'माझी'. नाहूरहून घाटकोपर एवढं अंतर मी तिच्यावर कधी गेलो नव्हतो. बॅटरी पोचेपर्यंत पुरली, परतीची नव्हती. ती काढून वर नेली आणि लेकीच्या घरी चार्जिंगला लावली. लेकीच्या घरची वीज घेतली मी. काही झालं नाही.

व्याही खाटेवर आणखीच बुटके दिसत होते. उशाशी पेज झाकून ठेवलेली, हात न लावलेली. मला बघून म्हणाले, "एकटे आलात? हिच्यावर?" मी मान हलवली. मग छताकडे बघत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "व्याही, आता माझ्याच्यानं नाही व्हायचं पुढचं. तुमचा निकाल सांगून टाका. कशीय गाडी? मग मी मोकळा."

माझा निकाल केव्हाचा तयार होता. अगदी ओठांवर आला होता. पण त्या 'मोकळा' शब्दाची मला भीती वाटली.

"निकाल कसा सांगू?" मी म्हटलं. "पुलावर तुम्हाला घेऊन चढलो ते नव्या बॅटरीवर. आता बॅटरी जुनी झाली. जुन्या बॅटरीवर तेच वजन घेऊन चढते का, ते बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि वजन तुमचंच पाहिजे. दुसरं घातलं तर हिशोब लागत नाही."

त्यांनी डोळे वटारले. चिडले. "एवढे दिवस काय केलंत मग तुम्ही?"

"तुम्ही आधी उठा. मग बघू कुणी काय केलं."

व्याही एका कुशीवर वळले, हाताने वाटी चाचपली आणि म्हणाले, "माधुरी, ही पेज गार झाली गं. दुसरी आण. वजन उतरलंय माझं, ते भरून काढायला लागेल."

हल्ली मी दर रविवारी घाटकोपरला जातो. ते दारापर्यंत चालतात, कधी जिन्यापर्यंत. पूल अजून लांब आहे, आणि तो होईल की नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. पण गाडी उत्तम आहे, तिच्यासारखी गाडी नाही, आणि ती आणणाऱ्यासारखा माणूसही मी पाहिला नाही. हे मी तुम्हाला सांगतोय. त्यांना एवढ्यात कळता कामा नये.